मंगळवारचे टाके

शपथ घेतली होती दिवाळीत,
जुनं पुरं झाल्याशिवाय नवं कापड कापायचं नाही.
तेव्हापासून तीन कापलेत.

पत्र्याच्या पेटीत मोजून नऊ कामं,
ज्याच्या त्याच्या अंगात ज्याची त्याची सुई.
एका टेबलक्लॉथच्या अडीच कोपऱ्यांत मोर,
आणि टेबल तर कधीच भंगारात गेलं.
एक कुंची, सुमेध वहिनीच्या पोटात होता तेव्हाची;
त्याला आता मिशा फुटल्यात,
परभणीच्या आयटीआयत वेल्डिंग शिकतो.
दारावर लावायची पट्टी, तिच्यावर नुसतंच "सुस्वा".
"गतम्" राहून एकोणीस वर्षं झाली.
पाहुणे तसेच आले, चहा घेऊन गेले.

सेलूत कापसाला तोटा नाही,
जिनिंगचा भुगा हिवाळाभर खिडकीच्या जाळीला बिलगून असतो.
पण लाल लडी हवी तर
नमुन्याचा तुकडा टाचून चिठ्ठी द्यायची
नांदेड गाडीच्या कंडक्टरजवळ.
तो लाल आणतो, एका छटेनं चुकलेला.
माझ्या गुलाबांत म्हणून दोन ऋतू आहेत.

मंगळवारी तांड्यावरून सक्रीबाई येतात,
पतपेढीत माझ्या खिडकीशी अंगठा उठवतात,
आणि जेवणाच्या सुटीत आम्ही मागच्या पायरीवर.
मी त्यांचं पासबुक वाचून दाखवते.
त्या माझ्या मांडीवरचं कापड ओढून घेतात.
माझ्या वहीतल्या माशाच्या काट्याला
त्यांच्या बोलीत वेगळंच नाव.
मी दोन्ही लिहून ठेवते, मध्ये बरोबरचं चिन्ह.
आरसा बसवताना माझा दोरा दर वेळी निसटतो.
"बांधू नको त्याला," म्हणतात, "घर बांध त्याच्याभवती.
मग राहतो गपगुमान."

सुलट बाजू त्या बघतच नाहीत.
"उलटं दाव."
मागच्या गाठींवरून बोट फिरवत जातात,
तपासनीस वही वाचतो तसं.
"हितं उठलीस. कुकर?"
हो, कुकर.
"हितं कामून येवढा आवळलास दोरा? कुणावर राग?"
मी डब्याचं झाकण लावते.

मागच्या मंगळवारी पेटीच्या तळाचं नेलं,
शेवंताक्काचं दुपटं.
ती गेल्यावर नणदांनी भांडी वाटून घेतली,
हे कुणी मागितलं नाही.
सुई तशीच टोचलेली, गंजून कापडाला धरलेली.
उपसली तर मागं ज्वारीच्या दाण्याएवढा डाग.
अर्धी वेल, पुढे पेन्सिलची रेघ पुसट होत गेलेली.
तीन वेळा मी पुढे भरायला घेतली, तीन वेळा उसवली.
जोड दिसतो. माझा टाका तिच्याजवळ उपरा वाटतो.

सक्रीबाईंनी उलटं केलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग, "हिचा पीळ उलटा हाय.
डावरी होती का ही माय?"

होती.
पंगतीत उजव्या हातानं जेवायची,
मार खाऊन शिकलेला तो हात.
सुई मात्र डाव्यात,
माजघराचं दार लोटून घेतल्यावर.
मी शेजारीच बसायचे गं अक्का,
दोरा ओवून द्यायचे,
आणि हे कसं विसरले?

तर आता पुन्हा बिगारीत.
डाव्या हातात सुई, अंगठा कुठं ठेवायचा ते कळत नाही,
बोटाला टोचतं तेही नवीनच ठिकाणी.
सक्रीबाई हसून लोटपोट. "बैल उलटा जुंपला गं!"
आणि मग माझ्या मनगटाला खालून नुसता आधार.

डाग राहू दिलाय. त्याच्यावर पान भरणार होते,
नाही भरलं, वेल त्याला वळसा घालून जाईल.
आज साडेचार टाके झाले.
पाचवा अर्ध्यात होता तेव्हा
शिपायानं खिडकीचं शटर वर ओढलं,
रांगेतल्या पहिल्या माणसानं पासबुक पुढं केलं,
आणि मी डाव्याच हातानं ते घेतलं.