चौथी पायरी

जेथ्रो आला तेव्हा अंगात भाड्याचा कोट होता.
दुपारचे दोन. एस्तान्सियाच्या धक्क्यावर
वाळत घातलेल्या मासळीवर माश्या,
आणि हा घामाने थबथबलेला, टाय सैल न करता
दुकानाच्या जाळीपाशी वाकून विचारतो,
"तिया, तुझं मन मोकळं आहे ना?"

मन मोकळं आहे का असं विचारत येणाऱ्याला
पाकीट मोकळं करायचं असतं,
हे पेर्लिता मागबानुआला
चौदा वर्षांपूर्वी कळून चुकलं होतं.
पण ती म्हणाली, "बस. आधी जेव."

जेवला. भात दोनदा घेतला.
मग कॅलेंडरच्या पाठीवर त्याने गोल काढले:
हा मी, हे माझे सहा,
हे त्यांचे सहा-सहा,
आणि सगळ्यात वर, पेन जिथे जरा थरथरलं तिथे,
एक गाडी.

"काय विकायचं?"
"कॉफी. जिनसेंगची. साखर, सांधे, झोप, सगळ्यावर."
"पितं कोण?"
"सगळे पितात."
"सगळे म्हणजे? जो विकत नाही असा एक दाखव."

पंखा एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला,
परत आला.

तिने टोपली ओढली.
फळीवर एक सुका मासा ठेवला. "हा तू."
सहा ठेवले. मग छत्तीस,
शेपटीला डोकं लावून, देणेकऱ्यांच्या रांगेसारखे.
टोपलीचा तळ दिसला तेव्हा
तिने उधारीची वही उघडली, पेन्सिल जिभेला लावली.
दोनशे सोळा.
बाराशे शहाण्णव.
"आपल्या वस्तीत माणसं किती?"
त्याला ठाऊक नव्हतं. तिला होतं:
वादळानंतर तांदळाची यादी तिनेच केली होती.
अकराशे चाळीस, पाळण्यातली धरून.
"चौथ्या पायरीला गाव संपलं, जेथ्रो.
पुढे कुत्र्यांना कॉफी पाजणार?
नवव्या पायरीला एक कोटी होतात.
तेवढ्यांना उभं राहायला धक्का पुरेल?"

तो म्हणाला, "पण वरच्यांना मिळतात, तिया. मी चेक पाहिलाय."
"मिळतात ना. कशाचे?
कॉफीचे, की तुझे?"

मग ती आत गेली आणि खाटेखालून
एक खोका ओढत आणला. गोरं करणारा साबण.
चौदा वर्षांत वड्या भेगाळून पिवळ्या पडलेल्या,
वास मात्र तसाच, लग्नघरासारखा.
"हे मी कोन्सिंगच्या गळ्यात मारलं होतं.
सख्ख्या बहिणीच्या.
तिचं शिलाई मशीन गेलं. मला चारशे पेसो मिळाले
आणि टाळ्या. स्टेजवर बोलावून टाळ्या."
अकरा घरं पलीकडे राहते कोन्सिंग.
प्रार्थनेला दुसऱ्या दाराने येते.

जेथ्रोने कोट काढला.
आतल्या शर्टाला बगलेत ठिगळ.
"शुक्रवारपर्यंत अजून एक माणूस हवाय," तो म्हणाला,
"नाहीतर माझी पायरी जाते."
आणि मग, फळीवरच्या माशांकडे बघत,
"बाबांच्या होडीचं इंजिन गहाण आहे."

ती ओरडली नाही.
हात पुढे करून तिने कागद मागितला,
सही केलेला, न वाचलेला.
चष्मा नाकावर, बोट ओळीखाली, ओठ हलत.
तिसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत सापडलं:
न फोडलेले खोके तीस दिवसांत परत.
"आज कितवा?"
"बावीसावा."
"फोडलेस किती?"
"दोन. वाटले नमुने म्हणून."

"बाकीचे घे आणि पहाटेच्या बसने इलोइलोला जा.
पावती माग. साहेब जेवायला गेलेत म्हणाले
तर तिथेच बस, तूही डबा ने.
सगळे मिळणार नाहीत. मिळतील तेवढे इंजिनाला.
आणि कोट आजच परत कर,
त्याचंही भाडं चढतंय."

फळीवरचे मासे तिने गोळा केले,
वर्तमानपत्रात बांधले, सुतळी दातांनी तोडली.
"जाता जाता हे कोन्सिंगकडे दे.
माझं नाव सांगू नकोस."

तो उन्हात उतरला, कोट खांद्यावर टाकून.
तिसऱ्या घरापर्यंत पोचला असेल
तोच मागून जाळीतून हाक आली,

"सांग."