खांबातला माणूस

बूट काढून हातात घ्यायचे,
पातळ प्लास्टिकच्या पिशवीत.
किल्ल्यात शिरताना माणूस आधी
आपल्याच मोज्यांकडे बघतो:
उजवा अंगठा बाहेर,
चारशे वर्षांच्या गुळगुळीत फळीवर
थेट टेकलेला.

पांढरा गिलावा, काळी कौलं, खंदकातले सुस्त मासे
सगळं बाहेर राहिलं.
आत नुसतं लाकूड, आणि जिने.
जिने कसले, शिड्याच त्या,
जेमतेम कलायला तयार झालेल्या.
शत्रूला धाप लागावी म्हणून असा चढ, म्हणे.
शत्रू कधी आला नाही.
आलो मी, अठ्ठावन्न वर्षांचा,
डाव्या गुडघ्यात कुरकुर घेऊन.
विम्याचा सर्वेक्षक. आगीत काय जळालं,
पुरात काय कुजलं, किती टक्के उरलं,
हे लिहिण्यात ज्याची हयात गेली, तो.

सवय सुटत नाही.
तुळयांवर बोटांनी ठोकत चाललो.
भेग आहे. वाळवी नाही. अवस्था बरी.
भिंतीत तिरक्या खाचा, बंदुकांसाठी.
कोपऱ्यात जमिनीलाच झरोका, दगड टाकायला.
वाकून पाहिलं तर खाली
पिवळी टोपी घातलेली शाळकरी पोर
भाताचा गोळा खात वर बघत होती.
तिने हात हलवला.
मी काय टाकणार?
मीही हलवला.

तिसऱ्या मजल्यावर इवाकिरीबाई भेटल्या.
छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला, वय ऐंशीच्या घरात,
पाठ मात्र खांबांपेक्षा सरळ.
बाही धरून त्यांनी मला एका खांबापाशी नेलं.
गुडघ्याएवढ्या उंचीवर जुनं लाकूड कापून
नवं बसवलेलं, रंगाने किंचित फिकं,
सांध्यात नख शिरणार नाही इतकं घट्ट.
मनात आपोआप उमटलं: अंशतः हानी.

बाई बोलल्या. मी फोन पुढे धरला.
फोन म्हणाला, शुद्ध मराठीत, भावना न ठेवता:
"माझे वडील या खांबात आहेत."

सकाळीच माहितीपत्रकात वाचलं होतं,
भिंत टिकावी म्हणून पायाखाली
जिवंत माणूस पुरल्याच्या दंतकथा
इकडच्या कितीतरी किल्ल्यांच्या.
माझा हात लाकडावरून
चटका बसल्यासारखा मागे आला.

बाईंनी माझा चेहरा पाहिला,
तोंडावर हात ठेवून हसल्या,
खाली उकिडव्या बसल्या
आणि हवेत करवत चालवू लागल्या.
ढकलत नव्हत्या, ओढत होत्या;
इथली करवत आपल्याकडे येताना कापते.
मग छिन्नी. मग भुशावर फुंकर.
मग आठ बोटं: मी एवढी होते.
मग रुमालात बांधलेला डबा,
आणि दोन बोटांचे छोटे पाय
शिडी चढत, चढत, बापापर्यंत.

फिक्या लाकडावर तापल्या लोखंडाने डागलेली अक्षरं.
"शोवा अठ्ठावीस," फोनने वाचलं.
मी हिशेब केला. एकोणीसशे त्रेपन्न.
युद्ध संपून आठ वर्षं.
आभाळच फाटलं होतं, शहरंच्या शहरं;
ठिगळ कुठे कुठे लावणार?
त्या माणसाने इथे लावलं.
वर जुनाटपणाचं सोंगही आणलं नाही,
साल डागलं, आणि डबा खायला बसला असेल.

किल्ला कुठल्या सरदाराचा, ते मी
खालच्या मजल्यावरच विसरलो होतो.
बाईंनी माझा तळवा त्या जागी परत ठेवला.
माझ्या वहीत एक रकाना असतो: उर्वरित मूल्य.
पेन खिशातच राहिलं.

उतरताना पाठमोरं उतरायचं, शिडीकडे तोंड करून.
बाई माझ्या खाली, दोन पायऱ्या,
एक हात वर धरून,
जणू मी घसरलो तर त्या झेलणार होत्या.
घसरलो असतो तर दोघंही गेलो असतो.

दाराशी बूट चढवताना
त्यांनी माझ्या उघड्या अंगठ्याकडे बोट दाखवलं
आणि काहीतरी म्हणाल्या, बराच वेळ,
मध्येच एकदा हसून.
फोन हातात होता.
मी तो पिशवीत टाकला,
आणि ऐकत राहिलो.