वाढ नाही

एप्रिलात आमचा इन्क्युबेटर हात टेकतो.
त्याला ऊब देता येते, गारवा देता येत नाही,
आणि बाहेर अशोक चौकात पारा त्रेचाळीसवर.
मग मी खिडकीला चादर भिजवून बांधते,
नायनांच्या मागावरची, मोरवाली,
पंखा तिच्याकडे तोंड करून ठेवते.
सदतीस. त्यांना सदतीसच लागतं.
एखाद-दुसरा अंश इकडेतिकडे झाला तर मरत नाहीत,
पण रुसतात.

मी त्यांची स्वयंपाकीण.
डॉक्टर हिरेमठ म्हणतात, मीडिया लावा.
मी मनात म्हणते, आधण ठेवलं.
पेप्टोन, मांसाचा अर्क, लिटरला पाच ग्रॅम मीठ,
वरून अगर, गुठळी न होऊ देता,
पिठलं हाटावं तसं.
आंबट निघालं तर सोड्याचे थेंब, कागद हिरवा होईस्तोवर.
मग मोठा कुकर. पंधरा पौंड, पंधरा मिनिटं.
निवायला लागलं की मेंढीचं रक्त घालायचं,
त्याआधी बाटली गालाला लावून बघते.
थर्मामीटर आहे. तरी बघते.

काही फारच लाडावलेले:
त्यांना रक्त भाजून लागतं, चॉकलेटी,
आणि हवा जराशी कोंदट.
बरणीत मेणबत्ती लावायची, झाकण घट्ट,
ती आपणहून विझली की त्यांचं घर तयार.
काहींना प्राणवायूच विष.
कुणी मिठात मरतो, कुणी मिठातच बाळसं धरतो.

पाणी मात्र सगळ्यांना लागतं.
म्हणून तर कडक भाकरी डब्यात महिनोन्‌महिने
बुरशीला दाद देत नाही.
आणि आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी नळ येतो तेव्हा
रिकाम्या पिंपाच्या तळाशी बोट फिरवावं,
बुळबुळीत लागतं.
माणसांना पुरलं नाही त्या पाण्यात
कुणाचं तरी गोकुळ.

अठ्ठेचाळीस तासांनी प्लेट उजेडाकडे धरते.
लाल, गुळगुळीत, एक ठिपका नाही.
रजिस्टरात लिहिते: वाढ नाही.
मंगळवारी टॉवेल कारखान्यातल्या एका माणसाने
बायकोच्या रिपोर्टवरचे हे दोन शब्द
माझ्याकडून तीनदा वाचून घेतले,
आणि कागद कपाळाला लावला.
हे मी घरी येऊन सांगितलं होतं, जेवताना.

शुक्रवारी भावजय विड्या वळत बसलेली,
सुपाशेजारी अक्षिता, तीन वर्षांची,
दोऱ्याशी खेळत.
वदिना, अंगणवाडीतून कार्ड आलंय, वाचा.
महानंदाताईंचं अक्षर, निळी शाई.
मार्चमध्ये नऊ किलो आठशे. एप्रिलमध्ये नऊ किलो आठशे.
पुढे शेऱ्याच्या रकान्यात:
वाढ नाही.

वाचलं.
ती हसली. पान दुमडून विडीचं तोंड बंद केलं.
म्हणाली, मग चांगलंच की.
तुमच्याकडे चांगलंच असतं ना हे?

मी काही बोलले नाही.
मनात सवयीने यादी चालू झाली.
ऊब आहे. ऊब पुष्कळ आहे, पत्र्याखाली.
हवा आहे, तंबाखूच्या भुकटीची.
पाणी परवा येईल.
मीठ आहे.
यादीत सगळ्यात पहिलं जे येतं
ते मी सगळ्यात शेवटी मोजत होते.

उठले. भाकरी कुस्करली, दूध ओतलं,
शेंगाचं कूट, चिमूटभर गूळ.
वाटी गालाला लावून बघितली.
अक्षिताने पहिला घास थुंकला, थेट माझ्या ओढणीवर.
दुसरा तोंडातच धरून ठेवला, बराच वेळ,
माझ्याकडे बघत,
गाल फुगवून.

भावजयीला खरं काय ते सांगायचं राहिलंय अजून.
कार्ड घड्याळामागे खोचून ठेवलंय.
अठ्ठेचाळीस तासांत इथे काहीच दिसत नसतं.
पुढचं वजन वीस तारखेला.