ठिणगीचं हवामान

कालामात पाऊस म्हणजे भूगोलातला धडा.
छपरं घालतात ती उन्हासाठी,
आणि रात्री ब्लँकेट झटकलं की अंधारात
निळं काहीतरी तडतडून विझतं.
वडील म्हणाले, हे सगळं फुकट जातंय.

एलेउतेरिओ कोल्के. तांब्याच्या खाणीत
एकतीस वर्षं तारा जोडल्या.
घरी बसल्याच्या तिसऱ्या आठवड्यात
ओट्यावरची भांडी सरकवून त्यांनी मांडलं
हातभर पीव्हीसीचा पाइप, नेल्सनच्या मोडक्या गाडीतली मोटर,
कोथिंबिरीच्या जुडीचं रुंद रबर,
आणि जळालेल्या फ्यूजची काचनळी,
जिच्यातून खिळा आरपार घातला की वरची कप्पी होते.
राहिला फक्त डबा.
डबा आईच्या हातात होता, पपईच्या सोड्याचा, अर्धा.
"पी," ते म्हणाले, "मी थांबतो."
आणि थांबले, प्रत्येक घोट मोजत.

पहिल्या दिवशी रबर निसटलं.
दुसऱ्या दिवशी मोटर उलटी फिरली
आणि आम्ही ती सुलटी करण्यात संध्याकाळ घालवली.
वीज कुठल्याही बाजूने गोळा होते
हे नंतर कळलं.
तारेची टोकं पिंजून त्यांनी झुपका केला,
पट्ट्याला शिवता कामा नये,
लांबही राहता कामा नये.
"कागदाच्या जाडीइतकं," ते म्हणाले,
"शेजारी असावा तसं."

मग डबा पाइपवर पालथा बसला,
मोटर कुरकुरली,
आणि माझ्या हातावरची लव उभी राहिली.
काटा आला, भीती मात्र नव्हती.
ज्या माणसाने जन्मभर आम्हाला
हात लावू नका एवढंच शिकवलं,
बटणाला, बोर्डाला, त्याच्या झोपेला,
तो म्हणाला, लाव हात.

चट्.

नंतर त्यांनी स्वतःचा डावा हात पुढे केला.
त्या हाताची दोन बोटं
खाणीत एका दुपारी भाजली, तेव्हापासून मुकी आहेत.
ठिणगी उडाली, नखाएवढी, जांभळी.
ते तिच्याकडे बघत राहिले,
दुसऱ्याच्या पत्रावर आपलं नाव दिसावं तसे.
पुन्हा. पुन्हा.
उजवा हात त्यांनी खिशातच ठेवला.

मी शिकायला वाल्दिव्हियाला आले.
इथे पाऊस सुट्टी घेत नाही,
भिंतींना घाम येतो, मीठ डबीतून पडत नाही.
ते दीड दिवस बसने आले,
मांडीवर खोका, खोक्यात ते यंत्र,
मोज्यांत गुंडाळलेलं.
टेबलावर लावलं. मोटर फिरली, रबर फिरलं,
बोट नेलं. काही नाही.
पट्टा पुसला. काही नाही.
हवेतलं पाणी जमलेलं सगळं गुपचूप घेऊन जात होतं,
आणि वडील आपल्या हाताकडे असे बघत होते
जसा दोष हाताचाच.

घरमालकीण ओटिलिए बाईंनी दारातून पाहिलं,
काही विचारलं नाही.
लाकडांच्या शेगडीवरच्या दोरीवरून
आपले ओले टॉवेल काढले
आणि म्हणाल्या, "पाव इथे फुगतो,
हेही सुकेल."
मग आम्ही तिघं शेगडीसमोर बसलो.
तास गेला. त्यांनी त्यांना खाणीचं विचारलं,
त्यांनी त्यांना बुरशीचं.
साडेनऊला एक ठिणगी आली.
एकच, बारीक, ओटिलिए बाईंच्या अंगठीवर,
आणि त्या जर्मनमध्ये काहीतरी बोलल्या
जे मी कधी विचारलं नाही.

यंत्र इथेच राहिलं, शेगडीमागे.
फोनवर ते तब्येतीचं विचारत नाहीत,
परीक्षेचंही नाही.
"आज किती?" म्हणतात.
मी अंगठा आणि तर्जनी यांच्यात
अंतर धरते, फोनला न दिसणारं,
थोडं वाढवते,
आणि सांगते.