मागील शिल्लक

रामबागेत माझ्या पोर्चमध्ये जुन्या चादरीवर
इंजिन पडलंय, उताणं.
फाटकापाशी पोपटी पद्मिनी, बॉनेट उघडं,
दातांच्या डॉक्टरपुढे बसलेल्या बाईसारखी.

वीज मंडळात छत्तीस वर्षं मी हिशेब तपासले.
अकरा पैशांचा फरक शोधत एकदा
रात्री साडेनऊपर्यंत थांबले होते.
सापडला तेव्हा ऑफिसात मी आणि चौकीदार.
चौकीदाराला काही आनंद झाला नाही.

म्हणून उघडतानाच ठरवलं, विनानोंद काही सुटायचं नाही.
श्रीखंडाचे रिकामे डबे, झाकणांवर चिकटपट्टी:
‘वॉल्व्ह, दुसरा सिलिंडर’, ‘तेलाचा पंप’, ‘कळत नाही’.
शेवटचा डबा सगळ्यांत आधी भरला.

सियागंजात गॅस्केटचा सेट मागितला
तर दुकानदार माझ्या पाठीमागे बघू लागला,
पुरुष कुठाय म्हणून.
लेथवाला इकराम म्हणाला, रैने दो मैडम,
पूरा इधर पटक जाओ, अपन बिठा देंगे.
म्हटलं, बोअर तेवढा करा. बाकीचं माझं.
लोडिंग रिक्षातून ब्लॉक उतरवला दोन पोरांनी.
इकराम माप घेत तिसऱ्या सिलिंडरपाशी थांबला,
माझं बोट धरून आत नेलं:
वरच्या कडेला एक पायरी, केसाएवढी,
नखाला अडणारी.
घरी येईपर्यंत नख तिथंच होतं.

दुपारी वॉल्व्ह घासते.
काठीच्या टोकाला रबराची वाटी, कडेला करडी पेस्ट,
दोन तळव्यांत काठी, रवी फिरवावी तशी.
आधी खरखर. मग आवाज मऊ होतो,
मग पुसून बघितलं की राखाडी कडं, सलग,
किंवा एका जागी तुटलेलं, म्हणजे पुन्हा.
आठ वॉल्व्ह, चार दुपारी.
समोरच्या टेंबेवहिनी विचारून गेल्या, कुठं जाणारेस ह्यातून?
म्हटलं, देवास.
त्यांनी टेकडीच्या दिशेनं हात जोडले.
खरं तर देवास नाक्यापर्यंत गेली तरी मला पुरे.

तेलाची टाकी खरवडताना काळ्या मेणाखाली
खिळ्यानं कोरलेलं दिसलं:
मो. १२-३-८१.
बाबांनी गाडी घेतली चौऱ्याऐंशीत.
मोहन, मोईन, मोतीलाल, मोरेश्वर?
अक्षर वाईट. मात्रा मात्र नीट दिलेली.
रॉकेलच्या वासात बराच वेळ बसले.
मग मीही खिळा घेतला आणि त्याच्याखाली
पूर्ण सही केली, तपासून झाल्यावर करायचे तशी.
हिरवी शाई तिथं टिकली नसती.

सोमवारी सगळे डबे रिकामे झाले.
‘कळत नाही’त एक वॉशर उरला,
तांब्याचा, रुपयाहून लहान.
पुस्तिकेतल्या आकृत्या तीनदा पाहिल्या.
दोन झाकणं उघडून पुन्हा लावली.
घड्याळात साडेनऊ.
इकरामला फोन केला. तो जेवत होता.
एक-आध तो बचता है मैडम, सबका बचता है.
माझं कधी उरलं नव्हतं.

वही काढली.
मागील शिल्लक: वॉशर, एक.
तपशिलाच्या रकान्यात लिहिलं, मो. यांजकडून,
आणि खोडलं नाही.

सकाळी किल्ली फिरवली.
एक, तीन, चार, दोन, ठिणगीचा क्रम पाढ्यासारखा पाठ.
खोकली. गप्प झाली.
दुसऱ्यांदा निळा धूर थेट वहिनींच्या पापडांवर.
तिसऱ्यांदा लागली,
आणि पोर्चमधले रिकामे डबे थरथरायला लागले,
आधी एक, मग सगळे.

आता खाली परात ठेवलीय.
तेलाचा एक थेंब पडला.
मग बराच वेळ नाही.
मग दुसरा. सात मिनिटं, वीस सेकंद.
लिहून घेतलं.