गळ्याचं माप

सोहारच्या बाजारात माझं दुकान,
म्हणजे अरबाबाचं; सुई तेवढी माझी.
सतरा वर्षं दिशदाशा शिवतोय.
गळ्याशी लोंबणारा गोंडा, इथले लोक जो अत्तरात बुडवतात,
तो माझ्यासारखा कुणी वळत नाही, असं शफीकुल म्हणतो.
उसने पैसे हवे असले की म्हणतो.

गळे मी बोटांनी ओळखतो.
साडेपंधरा. सोळा. सालेमचा पावणेसतरा,
टेप लावली की त्याला गुदगुल्या होतात.
स्वतःचा कधी मापला नव्हता.

ईदच्या घाईत, दाढी करताना,
कंठमण्याच्या जरा डावीकडे
गुंडीएवढं काहीतरी.
आवंढा गिळला की वर जातं, पुन्हा जागेवर.
दिवसभर आरशासमोर आवंढे गिळत राहिलो.
गिऱ्हाईक म्हणालं, उस्ताद, तहान लागलीय का?

डॉक्टर शीबा केरळच्या. हिंदी तोडकी, हात गार.
म्हणाल्या, थायरॉइडच्या अशा शंभर गाठींत
नव्वद तरी साध्याच निघतात.
आणि उरलेल्या?
त्यातल्याही बहुतेक बऱ्या होतात.
मग सुई घातली. मला, सुई.
तेव्हा कळलं,
कापड किती गप्प बसतं ते.

रात्री खोलीवर हिशेब मांडला.
शंभर वारांच्या ताग्यात सात-आठ वार डागी निघालं
तर मी तागा परत करत नाही,
डाग चुकवून कात्री चालवतो.
पण माझ्याकडे तागा कुठाय?
एकच तुकडा, एका माणसापुरता.
तो डागी असेल, नाहीतर नसेल.
शंभरात सात डागी, असा तुकडा नसतो.

शिरपूरहून कुंदाचा फोन.
आवाज का बसलाय? एसीने, म्हटलं.
मनवाच्या फ्रॉकचं माप पाठवलंय, म्हणाली,
गळा जरा वाढत्या अंगाचा ठेवा.
ठेवतो, म्हटलं. वाढत्या अंगाचा.
हात आपोआप तिकडे गेला.

रिपोर्ट रविवारी. आज गुरुवार.
सात दिशदाशा काजांवाचून पडल्यात.
शफीकुल उठला, काही न बोलता
माझ्या मानेभोवती टेप फिरवली.
पंधरा, म्हणाला. गेल्या वर्षीइतकाच.

गेल्या वर्षी कधी मापलास रे?

तू झोपला होतास. ईदला तुला शर्ट शिवणार होतो.
मग पैसे संपले.