वायरमनची गिटार

"वायरमनच्या गिटारले तारच नाई!"
म्हणून हसतं अख्खं पिंपळखुटा.
नायलॉन आहे. मासे धरायच्या दोरीसारखं,
बोटाला चावत नाही.

पोट फुगीर, व्हायोलिनसारखी दोन वळणदार भोकं;
अशा अंगावर खरं तर पोलाद चढवतात.
मडगावच्या कुण्या म्हाताऱ्यानं
हट्टानं घडवली ही एकच,
आणि ती प्रल्हाद सिरसाटकडे कशी आली
ते तो दर वेळी वेगळं सांगतो.

दिवसा खांबावर जाताना
उजव्या हाताची नखं चिकटपट्टीत गुंडाळतो.
पोळ्याच्या दिवशी मधलं तुटलं,
तर शाळेतल्या फुटक्या पिंगपाँगचा तुकडा
फेविक्विकनं डकवला, कानशीनं गोल केला.
"आवाज जरा पांढरा येते," म्हणाला.

रात्री उपकेंद्रात मी रजिस्टर भरतो.
बाहेर ट्रान्सफॉर्मर घुमत असतो. त्याच्याच सुराला
तो जाड दोरा तिसऱ्या पट्टीवर धरतो,
केसभर चढा.
अंगठा खाली एकटाच चालत राहतो,
वरची तीन बोटं एकदम सूर उचलतात
आणि तळहाताची कड टेकली
की विझतात.
ठोका जिथं पडायचा तिथं पडत नाही,
लंगड्या बकरीसारखा मागून येतो.
पण येतो.

काल अकराला फोन: "लाईन कवा येते भाऊ?"
त्यानं काही न सांगता
फोन भोकाजवळ ठेवला.
दर्यापूर फीडर पावणेबाराला चालू.
रजिस्टरात मी तेवढंच लिहिलं.
पलीकडून फोन अजून
कुणी ठेवला नव्हता.